पडावं तर असं

गणपतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणायचे. पुढची जागा मोठ्यांनी दुपारपासूनच सतरंज्या टाकून अडवलेली असायची. आम्हा पोरांच्या वाट्याला पडद्याची पाठ यायची. पाठीमागून चित्र नीट दिसायचं, फक्त उलटं. नायक डाव्या हाताने जेवायचा, पाट्या आरशात धरल्यासारख्या वाचाव्या लागायच्या. मुख्य पिक्चर सुरू होण्याआधी, गर्दी जमेपर्यंत, ऑपरेटर चॅप्लिनचं एखादं लहानसं रीळ लावून द्यायचा. त्यातल्या एकात चॅप्लिन व्हायोलिन वाजवत पैसे मागत फिरतो. उजव्या हातात गज धरलेला, चारचौघांसारखा वादक म्हणूनच तो माझ्या डोक्यात बसला होता. पुढे कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत तेच रीळ समोरून पाहिलं. १९१६ सालचं ‘द व्हॅगाबाँड’. आणि गज डाव्या हातात! चॅप्लिन व्हायोलिन डाव्या हाताने वाजवायचा, त्यासाठी तारा उलट्या क्रमाने लावून घ्यायचा, हे नंतर त्याच्या आत्मचरित्रात वाचलं. म्हणजे मंडळाच्या पडद्यामागे बसून मी इतकी वर्षं एका डावखुऱ्याला उजवा समजत होतो. त्या खेळाला शेजारी बसलेल्या मित्राला हा शोध तिथेच मोठ्या उत्साहाने सांगितला, तर तो म्हणाला, “बरं मग? पडत तर सारखाच होता ना?”

मित्राने ते टाळायला म्हटलं असणार, पण मला ते चिकटलं. पडत सारखाच होता का? आणि बाकीचे कसे पडत होते? पुढची पंधराएक वर्षं मूकपट पाहताना मी याच एका गोष्टीवर नजर ठेवून बसलो. कोण कसा पडतो, आणि त्याहून जास्त, पडल्यावर काय करतो. हे पुस्तक म्हणजे त्या काळात टिपणांनी भरलेल्या वह्यांची सफाई आहे.

मराठीत माणूस नुसता पडत नाही. तो घसरतो, अडखळतो, ठेचकाळतो, धडपडतो, कोलमडतो, आपटतो, गडगडत जातो. कधी उताणा, कधी पालथा, कधी तोंडघशी. धपकन, धाडकन, बदकन. यातला प्रत्येक शब्द पडणाऱ्याची ओळख सांगून जातो. कोलमडणाऱ्याला उंची असते, घसरणाऱ्याला घाई, आणि तोंडघशी पडणाऱ्याला आधी ताठा असावा लागतो. एवढी समृद्धी घरात असूनही विनोदाबद्दल लिहिताना आपण तिला हात लावत नाही. शाळेत विनोदाचे तीन प्रकार शिकवले होते: शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ, स्वभावनिष्ठ. देहनिष्ठ हा चौथा प्रकार कुणी फळ्यावर लिहिला नाही. कोल्हटकर-गडकऱ्यांपासून पुलंपर्यंत आपली विनोदाची परंपरा लिहिणाऱ्यांची आणि बोलणाऱ्यांची आहे, आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण त्यामुळे झालं असं, की नट अंगाने हसवू लागला की परीक्षणात ‘अंगविक्षेप’ हा शब्द येतो, आणि तो स्तुतीसाठी येत नाही. ‘माकडचेष्टा’ तर सरळच शिवी. तमाशातला सोंगाड्या, दशावतारातला संकासूर ही मंडळी नुसत्या चालीने प्रेक्षकांना लोळवत आली, तरी ती चाल कशी होती हे सांगणारं लेखन शोधायला गेलं की हाती फार काही लागत नाही. म्हणून या पुस्तकात मी शक्य तिथे चाल, झोक, घसरण आणि आपटणं यांचंच वर्णन केलं आहे. कथानकं कमीत कमी सांगितली आहेत.

या विषयावरचा वाद आपल्याकडे ‘चॅप्लिन थोर की कीटन थोर’ या एका खुंटीला टांगलेला असतो. लता की आशा, गावसकर की विश्वनाथ, त्याच जातीचा. मी त्यात तरुणपणी हिरिरीने भाग घेतला आहे आणि दोन्ही बाजूंनी भांडलो आहे. आता त्यात रस उरलेला नाही. दोघांचं जमिनीशी नातंच वेगळं होतं, हे एकदा दिसलं की तराजू आपोआप खाली ठेवला जातो.

आधी थोडं या पडण्याच्या शाळेबद्दल. ती सिनेमाच्या आधीची आहे. अमेरिकेत व्हॉडव्हिल आणि इंग्लंडमध्ये म्युझिक हॉल, म्हणजे नाच-गाणी-नकलांचे रंगमंच, ही तिची दोन आवारं. बस्टर कीटनचा जन्म १८९५ चा, आईबाप रंगमंचावर काम करणारे. चालायला लागल्यावर थोड्याच काळात पोरगं बापाच्या अ‍ॅक्टमध्ये आलं, आणि त्याचं काम होतं फेकलं जाणं. बाप त्याला पडद्यावर, नेपथ्यावर, वाद्यवृंदाच्या खड्ड्यात भिरकावायचा. धरायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर सुटकेसची मूठ शिवलेली होती. बालसंरक्षणवाले तपासायला यायचे आणि अंगावर वळ सापडला नाही म्हणून परत जायचे. याच वयात त्याच्या लक्षात आलं, की आपटल्यावर आपण हसलो तर लोक हसत नाहीत, आपण गंभीर राहिलो तर हसतात. पुढे ज्या निर्विकार चेहऱ्याबद्दल जगभर ग्रंथ लिहिले गेले, तो चेहरा म्हणजे मुळात एका लहान मुलाचं धंद्याचं निरीक्षण होतं. मला ही गोष्ट सगळ्या सिद्धांतांपेक्षा जास्त पटते.

चॅप्लिन १८८९ चा, लंडनचा. त्याची शाळा म्हणजे म्युझिक हॉलमधली फ्रेड कार्नोची कंपनी. तिथलं त्याचं गाजलेलं काम होतं थिएटरच्या बॉक्समध्ये बसलेल्या दारुड्या शेठचं. नाटकातल्या नाटकाला हा टोमणे मारतो आणि तोल जाऊन बॉक्समधून खाली येतो. दारुड्याची गंमत तो झिंगलेला असण्यात नसते, आपण शुद्धीत आहोत हे सिद्ध करायच्या त्याच्या धडपडीत असते. चॅप्लिनचं सगळं पडणं या एका बीजातून उगवलेलं आहे. त्याच कंपनीत त्याचा बदली नट होता स्टॅन जेफरसन, म्हणजेच पुढचा स्टॅन लॉरेल. १९१० साली दोघं एकाच जहाजातून अमेरिकेला गेले. हॅरॉल्ड लॉइड मात्र यांच्यापैकी कुणाच्याच शाळेतला नव्हता. नेब्रास्कातला साधा मुलगा, नाटकाची हौस असलेला, जन्मजात विदूषक अजिबात नव्हे. त्याचं वेगळेपण इथूनच सुरू होतं.

मॅक सेनेटच्या कीस्टोन या चित्रपट कंपनीला मी एकच परिच्छेद देतो, कारण तिथे सगळेच पडायचे आणि सगळे सारखेच पडायचे. हे पोलीस, ते चोर, धाव, धडक, पाण्यात. पडणं हे तिथे विरामचिन्हासारखं होतं. १९१४ च्या फेब्रुवारीत चॅप्लिन तिथे ढगळ विजार, तंग कोट, छोटी टोपी आणि काठी घेऊन पडद्यावर आला आणि पहिल्यांदाच कुणीतरी पडल्यानंतर थांबला. टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली, इकडेतिकडे पाहिलं. हसू पडण्यावर यायचं ते या झटकण्यावर येऊ लागलं. मेबल नॉर्मंड त्या वेळी तिथली मोठी नटी होती आणि दिग्दर्शनही करत होती. तिच्या वाट्याला स्वतःचं स्वतंत्र प्रकरण यायला हवं होतं, आणि या पुस्तकात ते नाही, ही उणीव माझी आहे.

चॅप्लिन पडतो तेव्हा त्याची इभ्रत पडते. तो उठतो ते इभ्रत उचलायला. धुळीत बसलेला असतानाही तो टाय सारखा करतो. जणू आपण मुद्दामच इथे बसलो होतो, जागा बरी वाटली म्हणून. १९१८ साली त्याने लोक कशाला हसतात यावर एक लेख लिहिला होता. त्यात ‘द अ‍ॅडव्हेंचरर’मधल्या आइस्क्रीमचा दाखला आहे. सज्ज्यात बसलेल्या चार्लीच्या विजारीतून आइस्क्रीमचा गोळा घरंगळत खाली बसलेल्या श्रीमंत बाईच्या उघड्या पाठीवर पडतो. तो म्हणतो, हाच गोळा एखाद्या मोलकरणीच्या पाठीवर पडला असता तर लोकांना कणव आली असती. म्हणजे गोळा कुठून सुटतो यापेक्षा कुणावर पडतो याचा हिशेब त्याने आधी केलेला होता. हसवण्याच्या धंद्यात इतकी कोरडी नजर असलेला माणूस रडवण्यातही तरबेज असावा, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

चॅप्लिनची दुसरी करामत पडण्यापलीकडची आहे, पण तिच्याशिवाय त्याचं पडणंही कळत नाही. त्याच्या हातात वस्तू आली की ती तीच राहत नाही. ‘द पॉनशॉप’मध्ये (१९१६) एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ गहाण ठेवायला येतं. चार्ली घड्याळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतो, डबा फोडायच्या चावीने त्याचा पत्रा कापतो, आत काय सडलंय का म्हणून वास घेतो, स्प्रिंग कापडासारखी वावेने मोजतो आणि शेवटी सगळा भुगा गिऱ्हाइकाच्याच टोपीत भरून परत देतो. त्या पाचसहा मिनिटांत घड्याळ रोगी होतं, डबा होतं, कापडाचा तागा होतं. ‘द गोल्ड रश’मधला (१९२५) उकडलेला बूट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: खिळे हाडांसारखे चोखायचे, नाडी शेवयांसारखी गुंडाळायची. मला त्याहून आवडतो तो ‘द आयडल क्लास’मधला (१९२१) एक क्षण. दारूपायी बायको सोडून गेली आहे. नवरा पत्र वाचतो, आपल्याकडे पाठ करतो आणि त्याचे खांदे गदगदू लागतात. आपल्याला वाटतं, आता रडतोय. मग तो वळतो. हातात कॉकटेलचा शेकर आहे, तो हलवतोय. एका पाठीत एवढं मावतं.

असा माणूस काम करताना किती छळत असेल! ‘सिटी लाइट्स’मध्ये (१९३१) आंधळी फुलवाली या भटक्याला श्रीमंत समजते, ते कशावरून, हा प्रश्न त्याला कितीतरी महिने सुटत नव्हता. त्या भेटीचे तीनशेहून जास्त टेक झाल्याची नोंद आहे. उत्तर सापडलं ते असं: रस्त्यातली गर्दी टाळायला चार्ली उभ्या मोटारीच्या एका दारातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर येतो. दार लागल्याचा आवाज तिला ऐकू जातो. मूकपटातली सगळ्यात महत्त्वाची गाठ एका आवाजावर बांधली आहे आणि तो आवाज आपल्याला ऐकवलेलाच नाही. बोलपट येऊन चार वर्षं झाली होती. हा हट्ट होता की उत्तर, ते वाचकांनी ठरवावं.

आता कीटन. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या माणसाने आपल्याकडचा पहिला सिनेमा दाखवला. आगगाडीची आठवण सगळे काढतात, पण त्या सहा चित्रांमध्ये एक भिंत पाडण्याचंही होतं. मजूर धक्का देतात, भिंत आडवी होते, धुरळा उडतो. हे चित्र पुढेमागे उलटंही फिरवून दाखवत, म्हणजे भिंत धुळीतून उठून उभी राही. सिनेमाला कोसळणाऱ्या भिंतीचं वेड पहिल्यापासून आहे. त्यानंतर ३२ वर्षांनी, ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये, एका घराची अख्खी दर्शनी भिंत बस्टर कीटनवर पडते.

वादळ चालू आहे. तो रस्त्यात उभा, डोकं शेकून निघाल्यामुळे मान चोळतोय. पाठीमागचं दुमजली घर कॅमेऱ्याला पूर्ण दिसतंय. भिंत वरून सुटते आणि सपाट, एका फळीसारखी, त्याच्यावर येते. पोटमाळ्याची खिडकी उघडी आहे. ती खिडकी बरोबर त्याच्या अंगावरून खाली येते आणि तो चौकटीच्या मध्ये उभाच राहतो. कुठेही तुकडा जोडलेला नाही, बाहुला नाही. भिंत खरी जड होती, कारण हलकी असती तर वाऱ्याने वळली असती. चहूबाजूंनी मोकळीक होती ती काही इंचांची. उभं राहायची जागा आधी मोजून ठरवलेली होती आणि तिथून बोटभर सरकला असता तर पुढचं प्रकरण मला लिहावं लागलं नसतं. चित्रीकरणाच्या वेळी हजर असलेल्यांपैकी काहींनी तोंड फिरवलं होतं, असं सांगतात.

हा गॅग त्याने एका दिवसात शोधलेला नाही. १९१९ मध्ये आपला गुरू रॉस्को आर्बकल याच्याबरोबर केलेल्या ‘बॅक स्टेज’मध्ये नेपथ्याचा एक हलका कापडी पडदा आर्बकलवर पडतो आणि तो खिडकीतून बचावतो. १९२० च्या ‘वन वीक’मध्ये खोक्यांतून आलेलं, स्वतः जोडायचं घर आहे, तिथे भिंत कीटनवर पडते. १९२८ मध्ये तीच कल्पना, पण घराच्या पूर्ण वजनासह. एखाद्या गवयाने तीच चीज वीस वर्षांनी जास्त विलंबित घ्यावी तसं.

माझा मुद्दा मात्र भिंत पडल्यानंतरच्या दोन सेकंदांचा आहे. चॅप्लिन असता तर त्याने टोपी काढून घराला नमस्कार केला असता, किंवा खिडकीचं दार लोटून घेतलं असतं. कीटन आजूबाजूला पाहतो, काय झालं ते त्याला क्षणभर कळत नाही, आणि मग तो पळत सुटतो, कारण वादळ अजून चालू आहे. पडणं ही त्याच्या लेखी अपमानाची बाब नाहीच. ते पाऊस पडण्यासारखं आहे. कपडे झटकायला त्याला सवड नाही. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) करताना रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली नळाचा लोंढा अंगावर येऊन तो रुळावर मानेवर आपटला. डोकं दुखलं, काम चालू राहिलं. मानेचं हाड तेव्हा मोडलं होतं हे बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरने क्ष-किरणांत पाहून त्याला सांगितलं. पडद्यावरचा माणूस आणि पडद्याबाहेरचा माणूस इतके एकसारखे वागलेले मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

‘द जनरल’मध्ये (१९२६) प्रेयसीने झिडकारलेला इंजिन ड्रायव्हर आपल्या वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्न बसतो. इंजिन हलतं. दांडा वर जातो, खाली येतो, तोही वर जातो, खाली येतो, आणि त्याला पत्ता नसतो. सगळं मिळून काही सेकंद. वाफ जरा जास्त सुटून चाक जागच्या जागी गरगरलं असतं तर माणूस गेलाच होता. त्याच सिनेमात जळता पूल कोसळून खरं इंजिन नदीत पडतं. मूकपटांतल्या सगळ्यात खर्चिक दृश्यांत त्याची गणना होते, आणि नदीतला सांगाडा दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे पडून होता. मला विचाराल तर नदीतल्या इंजिनापेक्षा दांड्यावरचा माणूस मोठा. पण लोकांना त्या वेळी दोन्ही फारसं रुचलं नाही. सिनेमा चालला नाही. दोन वर्षांत कीटनचा स्वतंत्र स्टुडिओ गेला, तो एमजीएमच्या नोकरीत शिरला, दारूने त्याला गाठलं आणि १९३३ मध्ये ती नोकरीही गेली. पुढे त्याच कंपनीत इतरांसाठी गॅग सुचवायच्या कामावर तो परत आला. या पडझडीवर करुण रसात लिहायचा मोह मी आवरला आहे. तो स्वतः त्याबद्दल ज्या सुरात बोलायचा, त्यात तक्रार जवळजवळ नसते.

लॉइडला आपल्याकडे लोक नावाने कमी आणि एका छायाचित्राने जास्त ओळखतात: गोल चष्मा, स्ट्रॉ हॅट, उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लटकलेला माणूस. ‘सेफ्टी लास्ट!’, १९२३. विसाच्या दशकात त्याचे सिनेमे चॅप्लिनपेक्षा संख्येने बरेच जास्त आले आणि धोधो चालले. पुढे आपल्या चित्रपटांचे हक्क त्याने घट्ट धरून ठेवले, ते फारसे कुठे दाखवू दिले नाहीत, आणि दोन पिढ्या त्याला विसरल्या. मालमत्ता सांभाळण्याच्या नादात कीर्ती गेली, असा हा विचित्र व्यवहार.

लॉइड पडत नाही. त्याचं सगळं नाट्य न पडण्याचं आहे. तो दुकानातला नोकर आहे, गावाकडच्या मुलीला आपण मोठे साहेब झालो असं कळवून बसलाय, आणि जाहिरातीसाठी इमारत चढायची आहे ती खरं म्हणजे मित्राने. मित्रामागे पोलीस लागलेला, म्हणून ‘एकच मजला चढ, पुढे मी आहे’ असं करत करत हा बिचारा वर वर जातो. कबुतरं, जाळं, विजारीत शिरलेला उंदीर. दर मजल्यावर नवं संकट, आणि दर वेळी आपले तळवे ओले होतात. चॅप्लिनच्या हातात आलेलं घड्याळ रोगी झालं, डबा झालं. लॉइडच्या हातातलं घड्याळ घड्याळच राहतं, तबकडी उचकटून बाहेर येते, आणि म्हणूनच भीती वाटते. त्याच्या जगात वस्तू बदलत नाहीत. नोकरी नोकरीच असते, पगार पगारच, उंची उंचीच.

हे चित्रीकरण कसं केलं ते पुस्तकात आकृतीसह दिलं आहे. थोडक्यात सांगायचं तर लॉस एंजेलिसमधल्या खऱ्या इमारतींच्या गच्च्यांवर भिंतीचा खोटा तुकडा उभारायचा, कॅमेरा अशा कोनात ठेवायचा की मागे खालचा खरा रस्ता दिसावा, आणि नटाच्या खाली, चौकटीबाहेर, गाद्या घातलेला माचा. दूरच्या दृश्यांत चढणारा माणूस दुसरा होता. एवढं कळल्यावर थरार कमी व्हायला हवा. मग एक गोष्ट कळते आणि तो परत वाढतो. १९१९ मध्ये फोटो काढून घेताना लॉइडच्या हातातला ‘खोटा’ बाँब खरा निघाला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. ‘सेफ्टी लास्ट!’मध्ये तो लटकतो ते बोटांची जागा भरून काढणारा हातमोजा चढवून. जन्मभर त्याने प्रेक्षकांना हे जाणवू दिलं नाही.

जेम्स एजीने १९४९ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात मूक विनोदपटांवर लिहिलेला लांबलचक लेख या विषयातला पाया मानतात, आणि त्यानेच कीटनकडे लोकांचं लक्ष पुन्हा वळवलं. त्याने चार खांब मानले: चॅप्लिन, लॉइड, कीटन आणि हॅरी लँगडन. मी लँगडनला या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिलेलं नाही. त्याची ती तान्ह्या बाळाची मुद्रा मला पहिल्या दहा मिनिटांनंतर पेलवत नाही. त्याच्या जागी मी लॉरेल आणि हार्डीला आणलं आहे, आणि त्यासाठी मला मराठी माणसाची साक्ष पुरेशी आहे. आपण त्यांना कधीच ‘जाड्या-रड्या’ करून घेतलं. हे नाव ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी. दोघांचं पूर्ण व्यक्तिचित्र चार अक्षरांत आहे, आणि ‘रड्या’ म्हणजे नुसता रडणारा नव्हे, खेळात रडीचा डाव खेळणाराही. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ १९४० च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपाने पडद्यावर आले, तेव्हा प्रेक्षकांना जोडीच्या विनोदाची ही लय परकी वाटली नसणार.

जाड्या-रड्याचं वैशिष्ट्य म्हणजे वेळ. बाकीचे पळत असताना हे दोघं सावकाश झाले. ‘बिग बिझनेस’मध्ये (१९२९) ते ऐन कॅलिफोर्नियाच्या उन्हात नाताळची झाडं विकायला निघतात आणि एका घरमालकाशी वाजतं. तो यांच्या मोटारीचा दिवा उपटतो. हे शांतपणे पाहतात. मग हे त्याच्या दाराचं काही तोडतात. तो शांतपणे पाहतो. पाळीपाळीने, अगदी सभ्यपणे, एक घर आणि एक मोटार भुईसपाट होते. पडण्याच्या आधीच पडणं कळलेलं असतं. हार्डी खड्ड्याकडे चालत निघाला की आपण हसायला लागतो, तो आत गेला की हसतो, आणि मग चिखलातून वर येऊन तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, बघतो तेव्हा तिसऱ्यांदा हसतो. त्या बघण्यात ‘बघा, याच्याबरोबर मला संसार करायचाय’ असा भाव आहे. सासरच्या माणसांत अडकलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२) हा बोलपट आहे, तरी मी तो घेतला. एक पियानो, आणि घरापर्यंत चढून जाणाऱ्या सव्वाशेहून अधिक पायऱ्या. पर्वतीच्या पायऱ्या १०३. त्याहून जास्त, आणि पाठीवर पियानो. वर पोचतात, पियानो गडगडत खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटी माथ्यावर पोस्टमन भेटतो आणि म्हणतो, अहो, मागून गाडीचा रस्ता आहे की! त्यावर ते दोघं काय करतात? पियानो पुन्हा पायऱ्यांवरून खाली नेतात, गाडीत घालतात आणि रस्त्याने वर आणतात. ही मूर्ख माणसं आहेत असं म्हणून मोकळं होता येत नाही. सरकारी कचेरीत अर्ज दुरुस्त करायला गेलेल्या माणसाने हे कधी ना कधी केलेलं असतं.

एक तांत्रिक खुलासा इथेच उरकतो. जुने मूकपट म्हणजे फटफट चालणारी माणसं, ही समजूत आपल्या मनात घट्ट आहे. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी. बोलपटाचं यंत्र चोवीस चौकटी फिरवतं. जुनं रीळ त्यावर लावलं की सगळे पिसाळल्यासारखे धावणार. शिवाय विनोदपटांचे कॅमेरामन मुद्दामही हात सावकाश फिरवायचे, म्हणजे पडद्यावर धाव जरा चढी दिसावी. किती चढी, हे ते ठरवत. म्हणजे गणपतीत आम्ही पाहिलेला चॅप्लिन नुसता उलटा नव्हता, दीडपट घाईतला होता. वाचकांना विनंती, की शक्य असेल तेव्हा योग्य वेगाने फिरवलेली प्रत शोधा. चॅप्लिन कोपऱ्यावर एका पायावर घसरत वळतो, त्यातलं वजन तेव्हाच दिसतं.

शेवटचं प्रकरण फ्रान्सच्या जाक तातीवर आहे आणि तो इथे काय करतोय असं काहींना वाटेल. तो रग्बी खेळणारा, खेळाडूंच्या नकला करत मंचावर आलेला उंच माणूस. त्याचा मस्य ह्युलो, पाइप आणि आखूड विजार घेऊन, पुढे झुकून चालतो, पण सहसा पडत नाही. पडतं ते त्याच्या भोवतीचं नवं जग. ‘प्लेटाइम’साठी (१९६७) त्याने पॅरिसबाहेर काच आणि पोलादाचं अख्खं शहर उभारलं आणि त्या कर्जात बुडाला. त्यातल्या हॉटेलच्या काचेच्या दाराचा चुराडा होतो. दरवान काय करतो, तर पितळी मूठ तेवढी हातात धरून येणाऱ्यांसाठी नसलेलं दार अदबीने उघडतो आणि लावतो. गिऱ्हाइकंही अदबीने आत येतात. ह्युलो तिथे जवळपास कुठेतरी असतो. चॅप्लिनने विनोद आपल्या अंगावर घेतला, कीटनने यंत्राबरोबर वाटून घेतला, तातीने तो रस्त्यावरच्या कुणालाही देऊन टाकला.

चॅप्लिन आणि कीटन एकाच सिनेमात फक्त एकदा आले, ‘लाइमलाइट’मध्ये, १९५२ साली. एक साठी ओलांडलेला, दुसरा पंचावन्न उलटून गेलेला. कीटन पियानोवर बसलाय, जाड भिंगांचा चष्मा, आणि स्वरलिपीचे कागद स्टँडवरून एकामागून एक घसरताहेत. तो उचलतो, ते घसरतात, तो पुन्हा उचलतो, चेहरा तसाच. शेजारी चॅप्लिनचा एक पाय विजारीत आखूड होत चाललाय आणि तो झटकून झटकून लांब करतोय, इभ्रतीला धक्का न लावता. एकाला कागदांशी काम आहे, दुसऱ्याला आपण कसे दिसतो त्याच्याशी. मग व्हायोलिन कुणाच्या तरी पायाखाली जातं, दुसरं येतं, गत चढत जाते, आणि वाजवता वाजवता चॅप्लिन स्टेजच्या कडेवरून खाली ड्रममध्ये पडतो. आत रुतून बसलेला असतानाही तो वाजवतच राहतो. ड्रमसकट त्याला उचलून वर आणतात. गज तेव्हाही डाव्याच हातात असतो.